चर्चिल यांचे नोबेल शांततेचे नव्हे, साहित्याचे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल, रविवारी, आपल्या पुरवणीत ‘हे तुम्हांला ठाऊक आहे का?’ या सदरात विन्स्टन चर्चिल यांच्याविषयीची चौकट प्रसिद्ध झाली. ती वाचल्यापासून मन इतके अस्वस्थ आहे की, आज हातातली कामे बाजूला ठेवून हे पत्र लिहीत आहे. आपल्या दैनिकाची मी एकतीस वर्षांची वाचक आहे आणि निवृत्त होईपर्यंत माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होते, एवढी ओळख पुरे.

चौकटीतल्या तिसऱ्या मुद्द्यात चर्चिल यांना महायुद्ध जिंकल्याबद्दल शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, असे ठामपणे छापले आहे. त्यांना नोबेल मिळाले ते १९५३ साली, आणि ते साहित्याचे. इतिहासलेखन व चरित्रलेखन यांवरील प्रभुत्व आणि मानवी मूल्यांच्या रक्षणासाठी गाजवलेले वक्तृत्व ही कारणे स्वीडिश अकादमीने त्या वेळी दिली होती. त्याच वर्षीचे शांततेचे पारितोषिक अमेरिकेचे जॉर्ज मार्शल यांना मिळाले, ज्यांच्या नावाची योजना युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपच्या उभारणीसाठी राबवली गेली. चर्चिल त्या डिसेंबरात बर्म्युडा येथील परिषदेत गुंतलेले असल्यामुळे स्टॉकहोमला पारितोषिक स्वीकारायला त्यांच्या पत्नी क्लेमेंटाइन गेल्या होत्या. यातले काहीही दुर्मीळ नाही. कोणताही बरा विश्वकोश उघडला असता तर पाच मिनिटांत खात्री झाली असती.

एका शब्दाची चूक, त्यावर एवढे काय रागवायचे, असे आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल. म्हणून मला घडलेली गोष्ट सांगावी लागत आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात आंतरशालेय सामान्यज्ञान स्पर्धा झाली होती आणि मी आठवीच्या तीन मुलींचा संघ घेऊन गेले होते. त्यांतली एक मुलगी अशी होती की, तिच्या घरी वर्तमानपत्र येत नसे. ती मधल्या सुट्टीत डबा आटोपून शाळेच्या वाचनालयात येऊन बसायची आणि शंभर पानी वहीत नोंदी काढायची. शेवटच्या फेरीत दोन संघ बरोबरीत असताना प्रश्न आला : चर्चिल यांना नोबेल पारितोषिक कशासाठी मिळाले? तिने क्षणभरही न थांबता ‘साहित्यासाठी’ असे उत्तर दिले. परीक्षकांनी ‘चूक’ म्हटले, प्रश्न दुसऱ्या संघाकडे गेला, त्यांनी ‘शांतता’ म्हटले आणि टाळ्या वाजल्या.

मी उठून परीक्षकांकडे गेले. त्यांनी फायलीतून एका वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कात्रण काढले, त्यातील ओळीखाली लाल शाईने रेघ मारलेली होती. “बाई, हे बघा, पेपरात छापून आलेले आहे,” असे ते म्हणाले. वाचनालय त्याच इमारतीत, पन्नास पावलांवर होते. तिथून विश्वकोशाचा खंड आणून पाहू या, अशी विनंती मी दोनदा केली. परंतु प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे होते आणि बक्षीस समारंभ लांबवता येणार नव्हता. आम्ही एका प्रश्नाने हरलो. परतीच्या बसमध्ये ती मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती आणि मग तिने मला विचारले, “बाई, मी वाचले ते पुस्तक चुकीचे होते का?” नाही, पुस्तक बरोबर होते, तूही बरोबर होतीस, असे मी तिला सांगितले, पण शिक्षिकेच्या तोंडच्या शब्दापेक्षा त्या कात्रणाचे वजन अधिक ठरताना तिने नुकतेच पाहिले होते. पुढच्या वर्षी तिने स्पर्धेत नाव दिले नाही.

ते कात्रण आपल्या दैनिकाचे नव्हते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. परंतु कालची चौकटही आज कोणी तरी कापून ठेवली असेल, कारण अशा चौकटी कापून ठेवण्यासाठीच असतात. शाळांच्या फलकांवर त्या चिकटवल्या जातात, परिपाठात वाचल्या जातात, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेली मुले त्या वहीत उतरवून घेतात. अग्रलेखातल्या मताशी वाचक वाद घालतो, चौकटीतल्या माहितीशी कोणी घालत नाही. म्हणून तिथे अधिक काळजी घ्यायला हवी.

त्याच चौकटीत भारतीय नेत्यांविषयीचे एक लांबलचक ‘भाकीत’ चर्चिल यांच्या नावावर दिले आहे : सत्ता लुच्च्या आणि लुटारूंच्या हाती जाईल, एक दिवस हवा आणि पाणी यांवरही कर बसेल वगैरे. निवडणुका आल्या की ते मोबाइलवरून फिरते. स्वातंत्र्याच्या विधेयकावरील चर्चेत ते असे बोलले, असे सांगितले जाते. पण ब्रिटिश संसदेतील भाषणांचे शब्दशः वृत्तांत उपलब्ध आहेत आणि त्यांत हा मजकूर सापडत नाही. जे सापडते ते असे : ६ मार्च १९४७ रोजी कॉमन्स सभागृहात बोलताना त्यांनी भारतातील राजकीय वर्गाला गवताच्या काडीची माणसे म्हटले आणि काही वर्षांत त्यांचा मागमूसही उरणार नाही, असे सांगितले. हे वाक्य नोंदलेले आहे, तारखेसह आहे आणि पुरेसे कडवट आहे. ते छापले असते तर त्यांच्या मनात आपल्याविषयी काय होते, हे वाचकाला त्यांच्याच शब्दांत कळले असते. बनावट वाक्य छापल्याने चर्चिल यांची बाजू घेणाऱ्यांचेच काम सोपे होते, कारण एक वाक्य खोटे ठरले की त्यासोबत खरेही झटकून टाकता येते.

खरे तर पुष्कळ आहे. १९३१ साली गांधीजी व्हाइसरॉयशी बोलणी करायला गेले, तेव्हा चर्चिल यांनी अर्धनग्न अवस्थेत राजवाड्याच्या पायऱ्या चढणारा फकीर अशी त्यांची संभावना केली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच वाक्यात त्यांनी गांधीजींना ‘मिडल टेंपल’ या लंडनमधील वकिलांच्या संस्थेचे वकील म्हटले आणि ते चुकीचे होते, कारण गांधीजी ‘इनर टेंपल’ या दुसऱ्या संस्थेचे बॅरिस्टर होते. आपल्या चौकटीत हे दोघे कधीच भेटले नाहीत असे म्हटले आहे, तेही बरोबर नाही. नोव्हेंबर १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमधील भारतीयांचे गाऱ्हाणे घेऊन गांधीजी लंडनला गेले होते, तेव्हा वसाहत खात्याचे उपमंत्री असलेल्या चर्चिल यांना ते भेटले होते. पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचा उपवास केला, तेव्हा गांधीजी पाण्यातून ग्लुकोज घेतात असे ऐकले आहे, त्याची खात्री करता येईल का, अशी विचारणा चर्चिल यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना तारेने केली होती आणि तसे असल्याची खात्री देणारे उत्तर त्यांना मिळाले नव्हते. याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने सुमारे तीस लाख माणसे दगावल्याचा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. ज्या चौकटीत चिरूट, व्हिस्की आणि टोपी यांना तीन मुद्दे मिळाले, तिथे या दुष्काळाला एक ओळही मिळाली नाही, याचे मला मनापासून दुःख झाले.

लहानपणी बुडणाऱ्या चर्चिलना फ्लेमिंग यांच्या शेतकरी वडिलांनी वाचवले, त्या उपकाराची फेड म्हणून चर्चिल यांच्या वडिलांनी अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे शिक्षण केले आणि त्याच फ्लेमिंग यांच्या पेनिसिलिनने पुढे चर्चिल यांचा जीव वाचला, ही गोष्टही आपण सत्य म्हणून दिली आहे. फ्लेमिंग सात वर्षांचे असतानाच त्यांचे वडील वारले होते आणि त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाला काकांकडून वारसाहक्काने आलेला पैसा उपयोगी पडला. डिसेंबर १९४३ मध्ये ट्यूनिसजवळ चर्चिल यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा त्यांना दिलेले औषध पेनिसिलिन नव्हते, सल्फा वर्गातील ‘एम अँड बी ६९३’ होते.

मला सर्वांत जास्त खटकले ते निराळेच. एवढ्या वीस मुद्द्यांत आपल्या मुंबईच्या ससून डॉकचा उल्लेख नाही! ऑक्टोबर १८९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, चौथ्या हुसार्स या घोडदळ पलटणीतील तरुण अधिकारी म्हणून चर्चिल बोटीने मुंबईला आले. किनाऱ्यावर जायची घाई झाल्यामुळे काही जणांनी मिळून लहान होडी केली आणि ती ससून डॉकच्या ओल्या पायऱ्यांपाशी पोहोचली. लाटेबरोबर होडी चार-पाच फूट खाली-वर होत होती. चर्चिल यांनी भिंतीतली लोखंडी कडी उजव्या हाताने धरली, तोच होडी मागे सरकली आणि त्यांचा खांदा हिसकला. ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. झोपेत हात उशीखाली गेला तरी खांदा निखळे, फडताळातून पुस्तक काढताना निखळे, आणि संसदेत बोलताना आवेशाने हात पसरल्यामुळेही एकदा तो निखळण्याच्या बेतात आला होता, असे त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. पोलो खेळताना त्यांना दंड शरीराशी पट्ट्याने बांधून घ्यावा लागे. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओम्दुर्मानच्या लढाईत घोडदळाने चाल केली, तेव्हा याच खांद्यामुळे त्यांनी तलवारीऐवजी माउझर पिस्तूल हाती घेतले आणि आपण वाचलो ते बहुधा त्यामुळेच, असे त्यांना वाटत असे. मुंबईच्या धक्क्यावरची एक कडी आणि सुदानच्या वाळवंटातली एक लढाई यांचा असा सांधा आहे, हे मी वर्गात सांगत असे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करत.

ते मुंबईत उतरले त्याच्या काही दिवस आधीच मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण जाहीर झाला होता. पलटण बंगळूरला जाण्यापूर्वी पुण्यात थांबली, तेव्हा गणेशखिंडीतील गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या बंगल्यावर चर्चिल यांना जेवणाचे निमंत्रण होते. तीच वास्तू आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. या जेवणानंतर नऊ महिन्यांच्या आतच, २२ जून १८९७ च्या रात्री, त्याच बंगल्यावरील समारंभाहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. पुण्याच्या वाचकाला यापेक्षा जवळची माहिती कोणती असू शकते? ती सोडून बुडणाऱ्या मुलाची कल्पित गोष्ट छापण्याची वेळ का यावी?

चौकटीखाली फक्त ‘संकलित’ एवढाच शब्द आहे. कोणी संकलित केले, कशावरून केले, याचा पत्ता नाही. पूर्वी आपल्या पुरवणीत अशा मजकुराखाली लेखकाचे नाव असे आणि आम्ही शिक्षक त्याला पत्र घालून विचारू शकत होतो. ही पद्धत का बंद झाली, हेही कृपया कळवावे. चूक दाखवल्यावर आपण दुरुस्ती छापता, याबद्दल मला आदर आहे. परंतु गेल्या वर्षी मी कळवलेली एका तारखेची दुरुस्ती आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली, इतक्या बारीक अक्षरांत आली होती की ती शोधायला मला भिंग घ्यावे लागले. चूक रंगीत चौकटीत आणि दुरुस्ती निविदांखाली, हे न्याय्य नाही.

म्हणून विनंती एवढीच आहे की, येत्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी आणि तेवढ्याच अक्षरांत नोबेल पारितोषिकाची दुरुस्ती द्यावी आणि बाकीचे मुद्देही तपासून घ्यावेत. माझी ती विद्यार्थिनी आता स्वतः शिक्षिका आहे आणि शाळेच्या सामान्यज्ञान स्पर्धेचे प्रश्न तीच काढते. आपण छापलेल्या दुरुस्तीचे कात्रण मी तिला पाठवणार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा