फ्लॅव्होनॉइड ताटातलं वेगळं, कॅप्सूलमधलं वेगळं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत वनस्पतींमधले फ्लॅव्होनॉइड (फळं, भाज्या, चहा यांत मुळातच असणारी संयुगं) लिव्हरला कसे चांगले यावर लेख आला होता, वाचायला बरा होता पण अर्धाच वाटला. मी राजारामपुरीत मेडिकलच्या काउंटरवर असतो, असलं काही छापून आलं की लोक मोबाईलवर फोटो दाखवत 'हे द्या की ओ' म्हणत येतातच. परवा एक मावशी ग्रीन टीच्या कॅप्सूल मागायला आल्या, का तर सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालंय.

कांद्यातलं क्वेरसेटिन (ते वरच्या थरांत जास्त, आणि आपण नेमके तेच सोलून टाकतो), मोसंबीतलं हेस्पेरिडिन, चहातलं कॅटेचिन, हे जेवणाखाण्यातनं पोटात जातं ते जाऊ दे, त्याला कोण नको म्हणतंय. पण त्याचाच अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरला की हिशेब बदलतो. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी (कॅटेचिनचाच एक प्रकार) रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं तर रक्तात लिव्हरची एन्झाइम वाढतात, म्हणजे लिव्हरला इजा होत असल्याची खूण, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ लाच सांगितलंय. म्हणजे ज्याच्यासाठी घ्यायचं त्याच्याच मुळावर.

सिलीमरीनचंही (मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांचा अर्क, लिव्हरसाठी म्हणून विकतात तो) नाव मोठं, उपयोग तेवढा नाही. विषारी अळंबी खाल्लेल्या पेशंटला त्यातलं सिलिबिनिन युरोपात शिरेतनं देतात हे खरं, पण हिपॅटायटिस सीच्या पेशंटना २४ आठवडे भरपूर डोस देऊन बघितलं तर एसजीपीटी (रक्तात तपासतात ते लिव्हरचं एन्झाइम) नुसत्या खोट्या गोळीपेक्षा जास्त काही उतरलं नाही, हा निकाल २०१२ चा. उंदरांवर चाललं म्हणजे माणसावर चालतंय असं नसतं, आणि लेखात उंदीर का माणूस हे कुठं लिहिलेलंच नव्हतं!

आपल्याकडं तर पाल्याच्या रसावर आधीच लई विश्वास. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली ती हिपॅटायटिस ईची, दूषित पाण्यातनं. ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळं नाव रसाचं होतं, आणि गरोदर बाईला तीच कावीळ जिवावर बेतू शकते तरी घरचे आधी रसच पाजतात.

तर पुढच्या लेखात डोस किती, प्रयोग कुणावर झाला आणि रोजची औषधं चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, एवढं चौकटीत छापा. जागा कमी पडली तर माझ्या पत्रातलं काविळीचं कापा, ८०० चा आकडा तेवढा ठेवा.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर