ताई ची हजारो वर्षं जुनी? कुठलं घराणं ते तरी सांगा!

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला ताई ची या चिनी युद्धकलेवरचा, तिला हजारो वर्षं जुनी म्हणणारा लेख वाचला, फोटो झकास पण माहिती घाईत उरकलीये. वुडांग डोंगरावरच्या झांग सानफेंग साधूने ही विद्या काढली ही गोष्ट ऐकायला भारी, पण आहे दंतकथाच, 1930च्या दशकात युद्धकलांचे चिनी इतिहासकार तांग हाओ यांनी खोलात जाऊन शोध घेतला तेव्हा माग निघाला हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ गावाचा आणि तिथल्या 17व्या शतकातल्या चेन वांगतिंगचा. वुडांगवाल्यांना हे आजही मान्य नाही, ते सोडा.

याच गावात चेन चांगशिंगकडे यांग लुचान शिकला, मग बीजिंगला जाऊन शिकवायला लागला आणि तिथून फाटे फुटत गेले. चेन घराण्यात अंग पिळत हळूहळू वळायचं आणि मधेच दाणकन पाय आपटून ठोसा, यांग घराण्यात मात्र सगळं संथ, एका लयीत. पुढे सुन घराणं आणि वू नावाची दोन वेगवेगळी घराणी (हो, दोन!).

तुम्ही छापलेला 24 हालचालींचा प्रकार तर 1956 साली चीन सरकारने बसवून घेतलेला, तोही यांग पद्धत आटोपशीर करून, त्याला हजारो वर्षांची परंपरा म्हणणं काय पटेना बुवा. पुढच्या वेळी फोटोखाली निदान घराणं तरी छापा.

– एक वाचक, ठाणे