गोदामात शिजलेली मॉर्गाँ वाइन आणि दोष मात्र बागायतदारावर

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय: रेड वाइनची खराब पेटी आणि तुमच्या ग्राहक सेवेने दिलेलं अपमानास्पद उत्तर

आजच्या फोननंतर तुमच्या ग्राहक सेवेशी तोंडी बोलायचं नाही असं ठरवलं आहे. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

मे महिन्यात तुमच्याकडून मॉर्गाँची, म्हणजे फ्रान्सच्या बोजोले भागातल्या रेड वाइनची, सहा बाटल्यांची पेटी घेतली. बिल सोबत आहे. पहिल्या बाटलीचं बूच काचेच्या वर आलेलं होतं आणि वरचं आवरण मानेला चिकटून बसलं होतं. ते काढलं तर बुचाच्या कडेने वाइन झिरपून वाळल्याचा जांभळा डाग. ग्लासात रंग कडेला विटकरी, वास उकळत्या काकवीचा, चव आधी शिजलेली आणि मग शिरक्यासारखी. दुसरी बाटली तशीच. उरलेल्या चार उघडल्याच नाहीत, पण त्यांचीही बुचं वर आलेली दिसतात. तळाशी गाळ आहे म्हणून मी तक्रार करत नाही. न गाळलेल्या वाइनला गाळ असतो, तो मला चालतो. वर आलेलं बूच चालत नाही. ते बहुतेक वेळा आतली वाइन तापून फुगल्यामुळेच वर येतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी.

आता आजचं बोलणं. ते मी लगेच लिहून काढलं आहे.

बुचं वर आली आहेत असं मी सांगितलं. बाईंचं उत्तर, "सर, रेड वाइन रूम टेंपरेचरलाच ठेवतात." मी म्हटलं, ते फ्रान्समधल्या थंड घरांचं तापमान झालं, फार तर १६ ते १८ अंश. भिवंडीच्या गोदामात मे महिन्यात किती असतं? उत्तर आलं, "आम्ही बाटल्या आडव्याच ठेवतो." गोदामात एसी आहे का, असं विचारलं. "एसी ऑफिसला आहे, सर." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "हा छोट्या शेतकऱ्याचा ऑरगॅनिक माल आहे. केमिकल नसतं ना, म्हणून असं होतं. बाटलीगणिक फरक पडणारच. गॅरंटी हवी असेल तर मोठ्या ब्रँडची घ्या." यावर मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न, "तुम्ही याआधी फ्रेंच वाइन प्यायला आहात का? पहिल्यांदा पिणाऱ्यांना ती आंबटच लागते."

मी निफाडचा द्राक्षबागायतदार आहे. बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यात विलिए-मॉर्गाँला जाऊन, याच वाइनरीच्या तळघरात उभा राहून मी ही वाइन प्यायलो आहे. पण मी कधीच प्यायलो नसतो तरी हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार नव्हता.

आणि "छोटा शेतकरी, म्हणून असं होतं" हे वाक्य तर मी सोडणारच नाही. तिथल्या गामे जातीच्या द्राक्षाच्या जुन्या बागा मी पाहिल्या आहेत. मांडव नाही, तारा नाहीत, झुडपासारखे बुटके वेल. कोत द्यु पी या टेकडीच्या उतारावर भुगा होत चाललेल्या खडकात ते उभे आहेत. ही वाइन करणाऱ्या बागायतदाराने तणनाशक बंद केलं आणि ओळींमधलं गवत तो नांगरून काढतो. अख्खे घड टाकीत जावे लागतात, म्हणून तोडणी हाताने. केवडा या वेलीवरच्या रोगासाठी त्याच्या हातात मुख्यतः तांबंच, म्हणजे आपलंच बोर्डो मिश्रण. त्यावरही युरोपात मर्यादा आहे, हेक्टरी सात वर्षांत २८ किलो. पाऊस लागला की त्या हिशेबात बाग वाचवणं काय असतं, ते फवारणी करणाऱ्यालाच कळतं. एवढं करून त्याने जपलेल्या मालावर तुमची कर्मचारी एका वाक्यात बोट ठेवते, आणि गोदामाचा विषय संपतो.

बाटलीवर युरोपचं सेंद्रिय मालाचं हिरवं पान आहे. अशा कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या रेड वाइनला लिटरमागे १०० मिलिग्रॅम सल्फाइटची, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या द्रव्याची मर्यादा असते, नेहमीच्या वाइनला १५०. म्हणजे ती उन्हातान्हात जास्त जपायला हवी. संरक्षण कमी आहे हे माहीत असताना ती पत्र्याखाली ठेवायची आणि वर "केमिकल नसतं म्हणून" असं ग्राहकालाच ऐकवायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

आम्ही युरोपला द्राक्षं पाठवतो. तोडणी सकाळी, काही तासांत प्रीकूलिंग, मग शून्य अंशाच्या आसपास रीफर म्हणजे थंड कंटेनर, थेट रॉटरडॅमपर्यंत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांवरून आपला माल तिकडे अडकला, तेव्हा किती घरं बुडाली ते मी पाहिलं आहे. त्यानंतर आम्ही प्लॉटची नोंदणी, अवशेष तपासणी, सगळं शिकलो. तिकडचा ग्राहक आमच्याकडून हे मागतो आणि आम्ही ते देतो. तिकडच्या शेतकऱ्याचा माल इकडे आला की त्याला पत्र्याचं गोदाम? १५० टक्के आयातशुल्क धरून लावलेली किंमत मी मोजली आहे. तेवढ्या पैशांत १४ अंशांची एक खोली तुम्हाला ठेवता आली असती.

तुमच्या कंपनीकडून मी बरीच वर्षं माल घेतो, ओळखीच्या बागायतदारांनाही तुमचंच नाव सुचवत आलो. म्हणून हे जास्त लागलं. बूच वर आलेली बाटली पेटीत भरताना तुमच्या एकाही माणसाला दिसली नाही?

पेटीचे पूर्ण पैसे परत हवे आहेत, बदली पेटी नको. ती त्याच गोदामातून येणार. या लॉटच्या उरलेल्या बाटल्या विक्रीतून काढा. आणि नुकसान साठवणुकीतल्या उष्णतेने झालं, उत्पादकाच्या शेतीपद्धतीमुळे नाही, असं तुमच्या सहीने लिहून द्या. पैशांपेक्षा मला ते पत्र महत्त्वाचं आहे.

१५ दिवसांत हे झालं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार दाखल करीन. बुचांचे फोटो आणि आजच्या बोलण्याची नोंद मॉर्गाँच्या त्या बागायतदाराला मात्र मी उद्याच पाठवतो आहे. त्याच्या नावावर तुम्ही इथे काय खपवता, हे त्याला कळायला हवं.

चार बंद बाटल्या माझ्याकडे थंड जागी ठेवल्या आहेत. तुमचा माणूस येऊन तपासू शकतो. उत्तर लेखी द्या, फोन करू नका.

एक द्राक्षबागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक

सोबत: बिलाची प्रत, बुचांचे व बाटल्यांचे फोटो