किडनीचा फोन आणि कुडाळ ते मुंबई

महोदय,

‘आपला नंबर कितवा?’ हे डायलिसिसच्या खाटेवर रोज ऐकू येते. पण दात्याच्या किडनीसाठीची ही प्रतीक्षा यादी रेशनच्या रांगेसारखी सरकत नाही. आधी रक्तगट, मग गुण. ‘नोटो’ या अवयव प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या निकषांत डायलिसिसच्या दर महिन्याला एक गुण मिळतो, सगळ्या फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडण्या) बंद पडल्या असतील तर जादा गुण. म्हणून पहिल्या डायलिसिसचा केसपेपर जपावा. तारीख त्यावरच असते. या निकषांबद्दल रुग्णांची फारशी कुरकूर नाही.

कुरकूर आहे ती ‘किडनी आली, या’ या फोननंतरची. एका किडनीसाठी एकाहून अधिक रुग्णांना बोलावतात. प्रत्येकाचे ताजे रक्त घेऊन दात्याच्या पेशींशी ते जुळते का, ही क्रॉसमॅच चाचणी होते. त्यातच काही तास जातात. बर्फातली किडनी साधारण चोवीस तासांच्या आत बसलेली बरी. उशीर झाला की ती सुरुवातीला लघवी तयार करत नाही आणि डायलिसिस चालूच राहते. आता रात्री अकराला कुडाळात फोन आला असे धरा. तुतारी, कोकणकन्या या गाड्या गेलेल्या. साडेचारशेहून अधिक किलोमीटर, त्यात पावसाळ्यातला महामार्ग! दादरचा रुग्ण तासाभरात नमुना देऊन मोकळा होतो. कोकणातला उपाशीपोटी, गाडीभाडे भरून पोचतो आणि अनेकदा ‘पॉझिटिव्ह’ ऐकून परततो. म्हणजे रक्तात दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीज आहेत, ही किडनी चालणार नाही.

हे घरबसल्या कळू शकते. डायलिसिसची सुई टोचतेच. तेव्हाच पाच मिली रक्त जास्त घ्यावे, सेंट्रिफ्यूजवर फिरवून सीरम (रक्तातला पातळ भाग) वेगळे करून बर्फाच्या डब्यातून मुंबईच्या प्रयोगशाळेत गोठवून ठेवायला पाठवावे. दर तीन महिन्यांनी नवे. मध्येच रक्ताची बाटली चढवली तर दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण परक्या रक्ताने अँटिबॉडीज वाढू शकतात. हा दुसरा नमुना हटकून घ्यायचा राहून जातो आणि मग जुन्या सीरमवरचा निकाल फसवा ठरतो. साठवलेल्या सीरमवर पहिली चाचणी रुग्ण वाटेत असतानाच सुरू होईल. ताज्या रक्ताची पोचल्यावर करा. जुळणारच नसेल त्याला पेणहून तरी माघारी फिरता येईल.

आणखी एक. ताप किंवा पायाची जखम झाली की यादीतले नाव ‘होल्ड’वर जाते, म्हणजे तात्पुरते थांबते. बरे झाल्यावर ते पुन्हा चालू झाले की नाही, हे रुग्णाला एसएमएसने कळवायला काय हरकत आहे?

– डायलिसिसवरील काही रुग्ण, कुडाळ