गोल सातच, बाबा

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

चतुर्थीला घरी आले होते तेव्हा गणपतीवरच्या माटवीची सुतळी आवळता आवळता बाबांनी विचारलं होतं, "बाय, इतक्या वर्षांत फुटबॉलात गोल किती मारलंस गो?" मी "सात" म्हटलं आणि कळशी उचलून मागीलदारी गेले. घरात माणसं होती, आरत्या होत्या, पाच दिवस कसे सरले कळलं नाही. पण ते "सात" बांगड्याच्या काट्यासारखं घशात राहिलं. फोनवर सांगायला जावं तर बाबा "बरा, बरा, जेवलंस मां?" म्हणून फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितेय. सावकाश वाचा. डोळ्यांना त्रास झाला तर आईला वाचायला सांगा.

आधी बातमी. येता मोसम माझा शेवटचा. कोणी काढलं नाही, गुडघाही ठीक आहे. मीच ठरवलंय. पण थांबण्याआधी इतकी वर्षं मी मैदानात नेमकं काय केलं ते तुम्हाला ठाऊक असावं असं फार वाटतं.

बाबा, तेरेखोलची फेरीबोट आठवते? मी पंधरा वर्षांची होते. पहाटे मोटरसायकलवर मागे बसवून तुम्ही शिरोडा, रेडी करत मला तेरेखोलला नेलंत, पलीकडे केरीला उतरलो आणि म्हापशाला पोचलो. तोवर मी कापणी झालेल्या मळ्यात पोरांबरोबर खेळायचे, चेंडू मिळाला की नाकासमोर धावायचे. त्या दिवशी मी दोन गोल मारले. तुम्ही चहावाल्याला सांगत होतात, "माझा चेडू ता", ही माझी पोर म्हणून. आणि मग प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढे नको, मधे खेळ. परतीच्या फेरीत तुम्ही नदीकडे बघत गप्प होतात. पोरीला मागे ढकललं असं तुम्हाला वाटलं असणार. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

बचावातल्या मुलीला सगळा खेळ समोर दिसतो. मधे उभी राहणारीला चारी बाजूंनी माणसं असतात, आणि चेंडू पायाशी येतो तेव्हा निम्मं मैदान तिच्या पाठीला असतं. त्यामुळे चेंडू यायच्या आधीच मान वळवून बघून घ्यायचं. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. कोण धावत येतंय, कोण मोकळी आहे, आपली कोण दमलीय. चेंडू आल्यावर बघायला वेळ नसतो, तेव्हा फक्त करायचं असतं. नॉर्वेतले गाइर यॉर्डेट नावाचे प्राध्यापक आहेत. चेंडू मिळण्याआधी खेळाडू किती वेळा मान वळवून बघतात हे त्यांनी चित्रफिती बघून मोजलं. जे जास्त वेळा बघतात त्यांचे पास जास्त वेळा बरोबर जागी पोचतात, असं त्यांना दिसलं. आमच्या वर्गात हे शिकवलं तेव्हा मला आई आठवली.

आई, तू माझा एकही सामना मैदानात येऊन बघितला नाहीस. पण हे मी तुझ्याकडूनच शिकले. वेंगुर्ल्याच्या बंदरावर होडी लागली की बाकीच्या बायका टोपलीत काय आलंय ते बघायला वाकायच्या. तू टोपलीकडे सगळ्यात शेवटी बघायचीस. आधी रस्त्याकडे, हॉटेलवाल्याचा टेम्पो आलाय का. मग सावंतवाडीची गाडी. मग बर्फ कोणी उतरवून घेतलाय. मग शेजारी उभ्या असलेल्या बाईचा चेहरा. टोपली वाळूत टेकेपर्यंत तुझा भाव ठरलेला असायचा, आणि लिलाव सुरू झाला की तू अडखळायची नाहीस. मी सात-आठ वर्षांची, तुझा पदर धरून उभी. मला वाटायचं तुझं लक्ष नाही. पुढे म्हापशाला "खांद्यावरून बघ, खांद्यावरून बघ" असं ओरडून ओरडून शिकवायला लागले, तेव्हा इतर मुलींना ते जड गेलं. माझी मान आपोआप वळायची.

नव्वद मिनिटांत मी दहा-अकरा किलोमीटर धावते. त्यात चेंडू माझ्या पायाशी किती असतो? फार तर दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ कशात जातो ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. आपली उजवी बॅक, म्हणजे उजवीकडची बचावपटू, पुढे गेली की तिची मोकळी जागा धरायची. समोरचीला जिथे पास द्यायचाय त्या वाटेत नुसतं जाऊन उभं राहायचं, म्हणजे ती तो पास देतच नाही. न दिलेला पास कोण मोजणार? पण त्या एका पासातून गोल झाला असता.

बाबा, मागे मोबाईलवर माझा सामना बघून तुम्ही रागावला होतात. "तुका बॉल गावता आणि तू आडवो देतंस कित्याक?" शेवटची दहा मिनिटं होती, आम्ही एका गोलने पुढे होतो. आमच्या एका बचावपटूच्या पोटरीत गोळे आले होते, दुसरी तोंडाने श्वास घेत होती. तेव्हा मी चेंडू आडवा दिला, परत घेतला, पुन्हा आडवा दिला. पंचवीस-तीस सेकंद. तेवढ्यात सगळ्या जागेवर आल्या. मी पुढे लांब मारला असता तर चेंडू समोरच्यांना मिळाला असता आणि त्या दोघींना परत धावावं लागलं असतं. दशावतारात राजा कितीही चांगला असला तरी "मृदंग ढिलो पडलो तर नाटक पडला" असं तुम्हीच म्हणता ना? मी ती लय सांभाळत होते.

जुलैमध्ये तुम्ही मला संगीता बासफोरची चित्रफीत दाखवलीत. ५ जुलै २०२५, चिआंग माई, थायलंडला आपण २-१ हरवलं आणि आशिया कपला पात्र ठरलो. दोन्ही गोल संगीताचे. "बघ, ही पण मधलीच मां?" हो बाबा, मधलीच. त्या रात्री आम्ही सगळ्या होस्टेलमध्ये रडलो. मधे खेळणारीने गोल मारू नये असं नाही, आणि सातपेक्षा जास्त मारायला हवे होते हे मला मान्य आहे. पण फक्त गोलांवर तोललं तर आमच्यातल्या बहुतेक जणी दिसणारच नाहीत. जगातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूला बॅलन डी'ऑर देतात. २०२१ आणि २०२२ मध्ये तो आलेक्सिया पुतेयासला मिळाला, त्यानंतर सलग तीन वर्षं ऐताना बोनमातीला, तिसरा सप्टेंबर २०२५ मध्ये. दोघी तेव्हा बार्सिलोना क्लबच्या, दोघी मधल्या फळीतल्या. बघणाऱ्यांना आता कळायला लागलंय, एवढंच सांगायचंय.

पैशांचंही एकदा मोकळेपणाने सांगते. महिलांची पहिली राष्ट्रीय लीग २०१७ च्या सुरुवातीला दिल्लीत झाली तेव्हा अंतिम फेरीत सहा संघ होते आणि सगळं दोन-अडीच आठवड्यांत आटोपलं. वर्षाचे उरलेले महिने मुली काय करत असतील याचा कोणी विचार केला नव्हता. मी काय करत होते ते तुम्हाला माहीत आहे, शाळांमध्ये तासिकेवर शिकवत होते. २०२३ साली भारतीय फुटबॉल महासंघाने जाहीर केलं की आघाडीच्या क्लबांनी निदान १० भारतीय मुलींशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करावा. त्या बातमीचं कात्रण माझ्या पाकिटात आहे. उशिरा आलं, पण आलं.

आणि एक गोष्ट लपवली होती. २०१९ मध्ये "पाय मुरगळलाय" म्हटलं होतं, ते खोटं होतं. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे हाडांना धरून ठेवणारा अस्थिबंध, तुटला होता. मुलींचा तो मुलांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा तुटतो. मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून गुडघ्यात बसवला आणि नऊ महिने मी मैदानाबाहेर होते. ज्या संघात होते त्यांनी दुसऱ्या महिन्यापासून फोन उचलणं बंद केलं. खोलीत माझ्याबरोबर मणिपूरच्या दोघी होत्या, त्यांनी मला उचलून न्हाणीपर्यंत नेलं आहे. आई, तू पाठवलेल्या सुक्या बांगड्यांचा वास आला की बाकीच्या खोल्यांची दारं बंद व्हायची आणि या दोघी धावत यायच्या. त्यांच्याकडे आंबवलेले मासे आणि मिरच्या घालून इरोम्बा करतात. त्यांनी त्यात आपला बांगडा घातला. छान झाला होता.

नारळी पौर्णिमेला मी घरी आले, लंगडणार नाही याची काळजी घेत. तू काही विचारलं नाहीस. पण जेवायला बसले तर माझ्या जागी पाट नव्हता, खुर्ची होती. बाबांना वाटलं पोर शहरात राहून बदलली. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता पुढचं. मी प्रशिक्षकाचा डी लायसन्सचा कोर्स करणार आहे. मग गावी येईन. कॅम्पच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना शिकवायचं मनात आहे. दहा जणी आल्या तरी चालेल. बंदरावरच्या बायकांना आई, तू आतापासून सांगून ठेव. त्यांच्या मुलींना अर्धं शिक्षण मिळालेलंच आहे.

एक मागणं आहे. या मोसमात मडगावला किंवा मुंबईला सामना पडला तर दोघांनी या. सावंतवाडीहून गाडीचं तिकीट मी काढते. बाबा, पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघू नका. तो कुठेही जाऊ दे, तुम्ही फक्त मला बघा. आई, तुला काही सांगायला नको.

होडीच्या फळीचं काम दिवाळीआधी करून घ्या, पैसे पाठवलेत. बाबांची डोळ्यांची तारीख चुकवू नका. आणि येताना बांगडे आण आई, जास्त आण, त्या दोघी याही वर्षी माझ्याच संघात आहेत.

तुमची,
बाय