नायडॉर्फ यांची ओळख कोल्हापूरच्या मुलांना व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गुकेशचे जगज्जेतेपद आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकलेला महिलांचा विश्वचषक यांमुळे बुद्धिबळ शिकण्याची ओढ आपल्याकडच्या मुलांमध्येही वाढली आहे. सिसिलियन बचाव ही काळ्याकडून डाव सुरू करण्याची पद्धत शिकू लागलेल्या मुलाच्या कानावर ‘नायडॉर्फ’ हे नाव लवकरच पडते. पाचव्या चालीला काळ्याने वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवायचे, म्हणजे पांढऱ्याच्या घोड्याला आणि उंटाला त्या प्याद्याच्या तिरप्या पुढच्या घरात सुखाने येता येत नाही, आणि त्या बाजूने आपली प्यादी पुढे रेटण्याची तयारीही होते. जगज्जेते फिशर आणि कास्पारोव्ह यांचे हे आवडते शस्त्र होते. मात्र ज्यांचे नाव या पद्धतीला मिळाले, त्या मिगेल नायडॉर्फ यांच्याविषयी मुलांना सहसा काहीच सांगितले जात नाही. कोल्हापुरात तरी असे होऊ नये, म्हणून हे पत्र.

नायडॉर्फ यांचा जन्म १९१० साली वॉर्साजवळच्या एका ज्यू कुटुंबात झाला. सॅव्हिएली टार्टाकोव्हर यांना ते गुरू मानत. ऑगस्ट १९३९ मध्ये ब्यूनस आयर्सला ऑलिम्पियाड सुरू झाले, तेव्हा पोलंडच्या संघात पहिल्या पटावर टार्टाकोव्हर आणि दुसऱ्या पटावर नायडॉर्फ होते. स्पर्धा चालू असतानाच, १ सप्टेंबरला, जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. इंग्लंडचा संघ परत गेला, तर जर्मनी आणि पोलंड यांची लढत न खेळवताच दोन-दोन अशी बरोबरीत सोडवण्यात आली. अखेरीस जर्मनी पहिला आणि पोलंड केवळ अर्ध्या गुणाने दुसरा आला. नायडॉर्फ यांनी आपल्या पटाचे सुवर्णपदक मिळवले, पण परतायला देश उरला नव्हता. त्या स्पर्धेला आलेल्यांपैकी पोलंडचे फ्रिडमन, ऑस्ट्रियात जन्मलेले एलिस्कासेस, स्वीडनचे स्टालबर्ग असे अनेक खेळाडू अर्जेंटिनातच थांबले. नायडॉर्फही थांबले आणि १९४४ साली तिथले नागरिक झाले.

मागे राहिलेली पत्नी, मूल, आई-वडील आणि चार भाऊ नाझींच्या हत्याकांडात गेले. याची कल्पना नसलेल्या नायडॉर्फ यांनी १९४३ मध्ये रोसारिओ येथे पट न पाहता एकाच वेळी ४० जणांशी डाव मांडले. अशा विक्रमाची बातमी जगभर छापून येईल आणि घरचे कोणी जिवंत असले तर त्यांना आपला ठावठिकाणा कळेल, ही आशा त्यामागे होती, असे ते सांगत. १९४७ मध्ये साओ पावलोला त्यांनी ४५ पटांवर तसाच प्रयोग केला. तो जवळजवळ चोवीस तास चालला. त्यात ३९ डाव त्यांनी जिंकले, चार बरोबरीत सुटले आणि दोन गमावले. घरून मात्र कोणाचाही निरोप आला नाही. बुद्धिबळाच्या इतिहासात मोठमोठे विक्रम आहेत, पण इतक्या दुःखातून झालेला विक्रम मला दुसरा माहीत नाही.

पुढे त्यांनी विमा व्यवसायात नाव कमावले, पुन्हा संसार उभा केला आणि खेळही सोडला नाही. १९४६ मध्ये ग्रोनिंगेनला त्यांनी पुढे जगज्जेते झालेल्या बोट्विनिक यांना हरवले होते. तरीही १९४८ च्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत त्यांना स्थान मिळाले नाही, हा माझ्या मते अन्यायच होता. १९५० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला अमेरिकेच्या रेशेव्हस्की यांना मागे टाकून ते पहिले आले. ज्या देशाने आसरा दिला त्या अर्जेंटिनाचे ते आठ वेळा विजेते होते. वयाच्या साठाव्या वर्षी, १९७० मध्ये, सोव्हिएत संघाविरुद्ध उर्वरित जगाच्या संघातून खेळताना त्यांनी माजी जगज्जेते ताल यांच्याशी चार डावांची लढत बरोबरीत सोडवली. १९९७ साली त्यांचे निधन झाले.

आता कोल्हापूरविषयी. पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी तुटून पडला, तसा १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाही घुसला. त्या पूर्व भागातून सैबेरियात आणि मध्य आशियात हाकलली गेलेली माणसे इराणमार्गे भारतात आली आणि त्यांपैकी सुमारे पाच हजारांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. त्यांच्या शाळा, त्यांचे चर्च, त्यांची नाटके इथे झाली. महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, आणि वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी भेट दिल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. वळिवड्यात आलेले लोक आणि नायडॉर्फ यांच्या वाट्याला आलेली संकटे वेगवेगळी होती, तरी त्या दोन्हींची सुरुवात एकाच महिन्यातली आहे. पंजाबातून आलेल्या मल्लांना शाहू महाराजांच्या काळापासून आपले मानणाऱ्या या शहराला हा खेळाडू परका वाटण्याचे कारण नाही.

माझी विनंती अशी की, जिल्ह्यातील बुद्धिबळ संघटकांनी दरवर्षी सप्टेंबरमध्ये वळिवडे येथे शालेय मुलांसाठी नायडॉर्फ यांच्या नावाने एक दिवसाची स्पर्धा भरवावी. प्रवेश शुल्क ठेवू नये, म्हणजे आसपासच्या गावांतील जिल्हा परिषद शाळांची मुलेही येऊ शकतील. पहिल्या फेरीपूर्वी प्रशिक्षकांपैकी कोणीतरी नायडॉर्फ यांचे चरित्र आणि छावणीचा इतिहास मुलांना अर्धा तास सांगावा. आपल्या वृत्तपत्राने या सूचनेला प्रसिद्धी दिल्यास स्पर्धेच्या तयारीत लागेल ती मदत करण्यास माझ्यासारखे अनेक बुद्धिबळप्रेमी पुढे येतील.

कळावे,
आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर