विंडोज बदलली आणि मराठी टायपिंग बंद पडले: देखभाल करणाऱ्या कंपनीस तक्रार पत्र

दिनांक : 8 डिसेंबर 2025
खानापूर, जि. बेळगाव

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वार्षिक देखभाल कराराखाली विंडोज 11 घातल्यापासून मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर व जुने ऑफिस बंद असल्याबाबत, तसेच जुनी हार्ड डिस्क परत मिळणेबाबत.

महोदय,

खानापुरात कचेरीच्या रस्त्याला माझे टायपिंग आणि डीटीपीचे छोटे दुकान आहे. घर त्यावरच चालते. कॉम्प्युटरच्या देखभालीचा करार आपल्या कंपनीकडे आहे आणि त्याचे पैसे मी दरवर्षी वेळेवर भरत आले आहे. तुळशीचे लग्न आटोपून लग्नपत्रिकांची कामे नुकतीच सुरू होत होती, तेव्हा आपल्या बेळगाव शाखेतून इंजिनिअर आला आणि विंडोज 10 काढून विंडोज 11 घालून गेला. तेव्हापासून माझ्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये मराठीची एक ओळसुद्धा टाइप होत नाही.

माझी तक्रार नवी विंडोज घातल्याबद्दल नाही. विंडोज 10 चा सुरक्षा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हे आपल्या माणसाने सांगितले ते खरेच आहे. तक्रार ही आहे की, या कॉम्प्युटरवर कोणते जुने सॉफ्टवेअर चालते आणि नव्या विंडोजवर ते चालेल का, हे त्याने आधी पाहिले नाही, विचारले नाही आणि मला सांगितलेही नाही. देखभालीचा करार आम्ही करतो तो याच गोष्टीसाठी.

माझी आधीची विंडोज 32 बिटची, म्हणजे जुन्या धाटणीची होती. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येते, त्यामुळे 32 बिटवरून थेट अपग्रेड होत नाही, सगळे नव्याने घालावे लागते. इंजिनिअरने नवी एसएसडी (नव्या प्रकारची डिस्क) बसवली, माझी कागदपत्रे डी ड्राइव्हवर उतरवून दिली आणि जुनी हार्ड डिस्क ‘आता ही स्क्रॅप’ म्हणून बॅगेत घालून नेली. तिच्याबरोबर माझे मराठीचे फॉन्ट, कीबोर्डचे सॉफ्टवेअर आणि पैसे देऊन घेतलेले ऑफिस 2007 ही गेले. संध्याकाळी एका लग्नपत्रिकेची फाइल उघडली. जिथे ‘॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥’ असायला हवे होते तिथे इंग्रजी अक्षरे, अर्धविराम आणि डॉलरची खूण अशी एक रांग उभी होती. वधू-वरांची नावेही तशीच.

हे असे का होते, तेही लिहिते, कारण आपल्या हेल्पलाइनवर प्रत्येक वेळी ‘फाइल करप्ट झाली असेल’ असे उत्तर मिळाले. फाइल धडधाकट आहे. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून केलेले आहेत. फॉन्ट असेल तर मराठी दिसते, नसेल तर खालचे इंग्रजी दिसते. म्हणून फॉन्ट तर हवेतच, पण टाइप करायला त्यांच्या जोडीचे कीबोर्डचे सॉफ्टवेअरही हवे, आणि ते यूएसबीला लॉक (सॉफ्टवेअरबरोबर मिळालेली किल्लीसारखी छोटी वस्तू) लावल्याशिवाय सुरू होत नाही. त्याची सीडी माझ्याकडे आहे. ती घातली तर विंडोज 11 म्हणते, हे अॅप या पीसीवर चालणार नाही. कारण त्याचा इन्स्टॉलर त्याहूनही जुन्या, 16 बिटच्या धाटणीचा आहे आणि 64 बिटच्या विंडोजवर 16 बिटचे काहीही चालत नाही. लॉकचा ड्रायव्हर (विंडोजला लॉक ओळखायला लावणारा प्रोग्राम) हाही जुना, त्यावर डिजिटल सही नाही, म्हणून नवी विंडोज तोही स्वीकारत नाही. आपले लोक फोनवर ‘कम्पॅटिबिलिटी मोड लावून बघा’ एवढेच सांगत राहिले. त्या मोडमध्ये विंडोज आपण जुनी आवृत्ती असल्याचे सॉफ्टवेअरला भासवते, इतकेच. त्याने 16 बिटचा प्रोग्राम चालू होत नाही आणि ड्रायव्हरवर सहीही येत नाही.

नंतर सल्ला आला की सगळे युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा. युनिकोड चांगलेच आहे. नवे काम त्यात करायला मी तयार आहे आणि तसा सरावही सुरू केला आहे. पण जुने कागद कन्व्हर्टरमधून काढणे म्हणजे काय, ते एका वाटणीपत्राच्या मसुद्यावर पाहा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, म्हणून कन्व्हर्टरला प्रत्येक वेलांटी उचलून पुढे ठेवावी लागते. रफाराचेही तसेच, फक्त उलट दिशेने. जो कन्व्हर्टर मला दिला त्यात ‘सर्व्हे नंबर’ या शब्दातला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. ‘दुसऱ्या हिश्श्याच्या’ मधला ऱ्य मोडला, कारण तो कन्व्हर्टर हिंदीसाठी केलेला आहे आणि हिंदीत हा ऱ्य लागत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे हिस्सा नंबरातली तिरकी रेघ जाऊन तिथे भलतेच अक्षर आले. जमिनीच्या कागदात असा घोळ झाला तर भाऊ-भाऊ कोर्टात जातात. प्रत्येक कागद मुळाशी ताडून बघायला हवा, आणि मूळ वाचायला तेच जुने सॉफ्टवेअर हवे, जे आपण काढून नेले.

इथली गरज आपल्या मुख्य कार्यालयातून कदाचित दिसणार नाही. आमच्याकडे सरकारी कचेरीत अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागतो आणि त्यासाठीचे नुडी हे कन्नड टायपिंगचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर व्यवस्थित चालते. पण घरातली म्हातारी माणसे वाचतात मराठी. मृत्युपत्र असो, वाटणी असो, उसनवारीची चिठ्ठी असो, आधी मराठीत लिहून त्यांना वाचून दाखवायचे, त्यांनी मान हलवली की मग कन्नड प्रत करायची, अशी इथली रीत आहे. आज माझ्या दुकानात दुसरी प्रत निघते, पहिली निघत नाही. अंगठा कशावर उठवायचा ते माणसाला स्वतःच्या भाषेत कळलेच पाहिजे, याबाबतीत मी तडजोड करणार नाही.

त्यातच हा हंगाम. हिवाळ्यात सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावोगावी मराठी साहित्य संमेलने भरतात. आमच्या बाजूच्या एका गावच्या संमेलनाची निमंत्रणपत्रिका आणि स्मरणिकेचे टायपिंग माझ्याकडे आहे. गेल्या वर्षीचा साचा त्याच जुन्या फॉन्टमध्ये आहे. लग्नपत्रिकांची कामे मला बेळगावच्या प्रेसकडे द्यावी लागली, नफा त्यांना गेला आणि गिऱ्हाईक उद्या परत येईल याची खात्री नाही. ऑफिसचेही तेच. इंजिनिअरने माझ्या ऑफिस 2007 च्या जागी नव्या ऑफिसची महिन्याची ट्रायल घालून दिली. महिना संपला, आता फाइल वाचता येते पण दुरुस्त करता येत नाही, आणि पडद्यावर वर्षाचे पैसे भरा म्हणून पट्टी येते. ऑफिस 2007 चा आधार 10 ऑक्टोबर 2017 लाच संपला हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्यावरून माझे विकत घेतलेले सॉफ्टवेअर न विचारता काढायचा आणि भाड्याचे गळ्यात मारायचा हक्क कुणाला मिळत नाही.

वाट काढायची असती तर निघाली असती. विंडोज 10 साठी सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून घेण्याची सोय होती, त्याबद्दल एक अक्षर कुणी बोलले नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून ठेवता आली असती. जुनी विंडोज नव्या विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, इंटरनेट तोडून चालवता येते, आणि लॉकही तिथे जोडून देता येतो. निदान महत्त्वाच्या फाइलींच्या फॉन्टसकट पीडीएफ तरी आधी काढता आल्या असत्या.

आता माझे म्हणणे असे. सर्वात आधी माझी हार्ड डिस्क, आहे त्या स्थितीत, काही न पुसता, लेखी पोच घेऊन परत करावी. तिच्यावर लोकांची मृत्युपत्रे, आधार कार्डाच्या प्रती, बँकेचे कागद आहेत. माझ्यावर विश्वास टाकून त्यांनी ते दिले आहेत आणि ती डिस्क आज कुठल्या कपाटात किंवा कुठल्या भंगारात आहे हे मला सांगता येत नाही. डिस्क भंगारात दिली असेल तर तेही लेखी कळवावे, म्हणजे पुढे काय करायचे ते मला ठरवता येईल. त्यानंतर वरीलपैकी कोणत्याही मार्गाने जुनी व्यवस्था लॉकसह चालू करून द्यावी, ऑफिस 2007 परत घालावे, आणि हे काम मराठीचे जुने फॉन्ट ज्याला माहीत आहेत अशाच माणसाकडे द्यावे. बाहेर दिलेल्या कामाची बिले सोबत जोडली आहेत, ती भरून मिळावीत आणि दुकान असे अडून राहिले तेवढा काळ कराराची मुदत वाढवावी.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत समाधानकारक कारवाई झाली नाही तर मी बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्यालाही त्यात ग्राहक धरले आहे. तिथवर जायची मला हौस नाही. माझे दुकान चालू व्हावे एवढेच मला हवे आहे.

इंजिनिअर पाठवण्याआधी कृपया आदल्या दिवशी फोन करावा. मूळ सीडी आणि लॉक मी आता घरी ठेवते, ते आणावे लागतील. सोमवारी आणि गुरुवारी कचेरीत अर्जदारांची गर्दी असते, ते दोन दिवस सोडून कधीही चालेल.

आपली,
करारधारक ग्राहक,
खानापूर

सोबत : देखभाल कराराची व पावतीची प्रत, इंजिनिअरच्या सर्व्हिस स्लिपची प्रत, सॉफ्टवेअर खरेदीचे बिल, बाहेर करून घेतलेल्या कामाची बिले, मूळ व कन्व्हर्ट केलेल्या मसुद्याचे एक-एक पान नावे खोडून.